भाड्याने दिलेला आठवडा

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली, म्हणून गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दवाखान्यातून तोंडाचा साचा येई. ते त्यात प्लास्टर ओतत, मेणात एकेक दात बसवत, घासूनपुसून चकचकीत करत, आणि आठवड्याभरात कुठलंतरी बोळकं पुन्हा खायला-बोलायला लागे. ज्याचं तोंड, तो माणूस त्यांनी बहुधा कधी पाहिलेलाच नसे. तरी बाजारात एखादा अनोळखी गृहस्थ हसला की ते बायकोच्या कानाशी लागत, "आपले आहेत." बायको म्हणे, "हळू बोला. परत मागायला आलात असं वाटून तोंड मिटेल तो."

बायको टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. नोकरी सुटली, केस पिकले, पण आवाज तसाच राहिला. साठी उलटल्यावरही फोनवर कुणी नवखा माणूस तिला विचारी, "बाळ, आई आहे का घरात?" ती "आहे, देते" म्हणून दोन क्षण थांबे आणि त्याच आवाजात "बोला" म्हणे.

त्यांना एकच मुलगी. पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे, म्हणून लहानपणी तिला खारू म्हणत. पुढे बापाच्या ओळखीच्या डॉक्टरने तारा लावून दात सरळ केले, नाव मात्र सरळ झालं नाही.

खारू सहा वर्षांची असताना त्यांनी समुद्रकाठच्या एका इमारतीत वर्षाचा एक आठवडा विकत घेतला. टाइमशेअर म्हणतात त्याला. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पुढे बाल्कनी; पण त्याचे बावन्न मालक, प्रत्येकाचा एकेक आठवडा. ह्यांच्या वाट्याला एक्केचाळिसावा आला, सुट्ट्या उलटून गेल्यानंतरचा, म्हणून परवडण्यातला. समोरच्या दारातल्या शिक्षिकाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "म्हणजे म्हशीची नुसती शेपटी विकत घेतलीत म्हणा की!" पण शेपटी तर शेपटी, बायकोला ती प्राणापलीकडे होती. शनिवारी दुपारी किल्ली हातात यायची, पुढच्या शनिवारी सकाळी ठेवायची. मधले सात दिवस ती बाल्कनीच्या कठड्यावर पाय टाकून बसे, डोक्याला गवती टोपी, आणि कुणाचाही फोन घेत नसे.

खारू शिकली, दूरदेशी गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच ते मोडलं. पदरात मुलगी, एका प्रयोगशाळेत करारावरची नोकरी. वर्षभराने करार वाढला तर राहायचं, नाही तर चंबूगबाळं आवरायचं. बापाला ती म्हणायची, "मी दोरीवर चालतेय, बाबा. खाली बघत नाही, एवढंच." तिचा फोन दर रविवारी संध्याकाळी येई आणि एक्केचाळिसाव्या आठवड्यात रोज.

अशात बायकोच्या पायांना सूज यायला लागली. चपला बदलल्या, मीठ कमी केलं, शेवटी डॉक्टरांकडे गेले. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की घरातलं कुणी मूत्रपिंड द्यायला तयार असेल आणि जुळलं, तर ह्या मशीनमधून सुटका होऊ शकते. कवळीवाले लगेच बाही वर करून बसले. त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि बायकोकडे वळून विचारलं, "मुलं किती?"

"नाही," ती म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही झाली."

ऑपरेटरचा तो स्वच्छ आवाज. कवळीवाले शेजारी बसले होते. त्यांना वाटलं, आता बोलायला हवं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, पान उलटलं, औषधांचं सांगायला लागले, आणि बोलायची वेळ निघून गेली. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "अगं, हे काय केलंस?" ती म्हणाली, "कळलं तर ती आज ना उद्या पोट फाडून घ्यायला येईल. तिची मुलगी दोन वर्षांची आहे. नोकरी जाईल, दोरी तुटेल. मला नको तिचं काही. तुम्हाला माझी शपथ आहे." आणि पुढे चालता चालता, "मी मेल्यावर सांगा हवं तर."

शपथ पाळणं सोपं असतं, त्यात काही करावं लागत नाही. कवळीवाल्यांनी ती पाळली.

समुद्रावर जाणं अर्थातच बंद झालं. तिथल्या गावात मशीन नव्हतं, आणि सात दिवस मशीनवाचून निभणार नव्हतं. इमारत सांभाळणारी जी कंपनी होती, ती मालकांचे आठवडे भाड्यानेही लावून देई. माणसं शोधायची, फ्लॅट झाडून-पुसून द्यायचा, चादरी बदलायच्या, किल्ली द्यायची-घ्यायची, सगळं कंपनीचं. आपला वाटा कापून उरलेलं मालकाला. कंपनीने एक अर्ज पाठवला. त्यात दोन चौकोन होते: 'मालक स्वतः येणार' आणि 'मालकातर्फे कंपनीने भाड्याने द्यावे'. कवळीवाल्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण करून अर्ज परत धाडला. आठ दिवसांनी कंपनीतल्या मुलीने तिकडच्या कपाटातलं त्यांचं सामान खोक्यात घालून पाठवलं. गवती टोपी, खारूची लहानपणची प्लास्टिकची बादली, अर्धी जळालेली मेणबत्ती. बायकोने टोपी झटकली आणि खुंटीला लावली.

पहिल्या वर्षी खोटं बोलायचं असं काही ठरलेलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी खारूने फोन करून विचारलं, "पोचलात का गं?" आणि आई म्हणाली, "पोचलो." एवढा एकच शब्द. पण एकदा पोचल्यावर मग बाल्कनी आली, पाणी आलं, संध्याकाळचा वारा आला. दुसऱ्या दिवशी "काय करताय?" ला उत्तर द्यावं लागलं. तिसऱ्या दिवसापर्यंत दोघांना सराव झाला.

दुसऱ्या वर्षी तर रीतसर तयारी होती. रस्त्याकडची खिडकी बंद करायची, म्हणजे गाड्यांचे भोंगे जायचे नाहीत. टेबलफॅन फोनजवळ ठेवायचा. बायको सांगे, "दोनवर ठेवा. तीनवर वादळ वाटतं." आणि ती डोक्यावर गवती टोपी चढवून बसे. "दिसतंय का तिला?" म्हणून कवळीवाले हसले, तर म्हणे, "टोपी घातली की माझं खोटं नीट बसतं." फोनचा पुढचा कॅमेरा बिघडलाय असं खारूला केव्हाच सांगून टाकलं होतं. पण फोटोंची सोय कंपनीनेच केली. भाडेकरूला किल्ली देण्याआधी, फ्लॅट नीट आहे हे मालकाला कळावं म्हणून, ती खोल्यांचे फोटो पाठवत असे: ताणून घातलेल्या चादरी, पालथे घातलेले पेले, बाल्कनी आणि पलीकडे समुद्र. कवळीवाले तेच फोटो खारूला धाडत. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं एकाही फोटोत नसता." ते म्हणाले, "मग फोटो कोण काढणार?"

भाडेकरू जाताना अभिप्राय लिहून जात, तेही कंपनी पाठवी. मुलांना आवडलं, गरम पाणी उशिरा येतं, सकाळी मोठ्या माशांचा थवा उड्या मारताना दिसला. बायको ते कागद जपून ठेवी आणि पुढच्या वर्षी त्यातलं एकेक खारूला सांगे. माशांचं सांगताना तर ती इतकी रंगली की कवळीवाल्यांना वाटलं, आपणच तेव्हा आंघोळीला गेलो असणार, म्हणून आपल्याला दिसले नाहीत. फोन ठेवल्यावर ती उशीला टेकून डोळे मिटून पडे. त्या आठवड्यात ती खरोखरच थोडी बरी दिसे.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी तिचं हृदयही थकलं. अंगावरचं मांस उतरलं, डाव्या हातावर सुयांसाठी केलेल्या शिरेचा हा एवढा उंचवटा. आवाजाला मात्र कशाने धक्का लागला नाही.

त्या वर्षी शनिवारी खारूचा फोनच आला नाही. आला तो रविवारी, भर दुपारी. बायकोने घाईघाईने टोपी चढवली, कवळीवाल्यांनी पंखा लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? इथेच, बाल्कनीत."

"समुद्र कसा आहे?"

"छान आहे. अगदी शांत."

पलीकडे तिने तेवढं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला द्या."

आईने सांगितलं, की यंदा पाणी गार आहे, म्हणून सकाळी नुसते पाय बुडवून आले. वाळूत बसून राहिले, उठवेना. ह्यांचं आपलं तेच, नाश्ता झाला की पुन्हा झोपतात. खारूने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी "बरं आई, सांभाळ" एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आज वेगळीच बोलली. कामाचा ताण दिसतोय. संध्याकाळी पुन्हा करेल बघा." म्हणून तिने टोपी काढली नाही.

दिवेलागणीला दारावरची घंटा वाजली. कवळीवाल्यांनी दार उघडलं. बाहेर खारू उभी होती, खांद्यावर झोपलेली मुलगी, पायाशी बॅग. ती बापाकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून आत बघत होती. आत खुर्चीत, गवती टोपी घालून, टेबलफॅनच्या वाऱ्यात तिची आई बसली होती.

दोन दिवसांचा प्रवास करून ती परस्पर तिकडेच गेली होती. आईबाबांना चकित करायचं, म्हणून कुणाला कळवलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं तर अर्ध्या गालावर साबण लावलेल्या एका अनोळखी माणसाने दार उघडलं. खाली कंपनीच्या टेबलाशी विचारलं तर तिथल्या मुलीने वही बघून सांगितलं, "मालक चार वर्षांत आलेले नाहीत. त्यांचा आठवडा आमच्याकडेच असतो." ती तशीच पुन्हा वर गेली. भाडेकरू भले होते. त्यांनी तिला बाल्कनीत खुर्ची दिली, पाणी दिलं, मुलीला खायला दिलं. फोन तिने तिथूनच केला होता.

"समुद्र खवळलाय, बाबा," ती म्हणाली. "लाल झेंडा लावलाय. पाण्यात कुणाला पाऊल टाकू देत नाहीत."

तेवढं बोलून ती आईजवळ जाऊन खाली बसली. डाव्या हातावरच्या त्या उंचवट्यावर तिने बोट ठेवलं. आत रक्त धडधडत होतं. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, तिला काही सांगावं लागलं नाही.

आरडाओरडा झाला नाही. खारूने मुलीला आतल्या खोलीत निजवलं, पंखा बंद केला, खिडकी उघडली. आईला भरवलं, तिचे केस विंचरले. आई सारखी म्हणत होती, "तू दमली असशील, तू आधी खाऊन घे." कवळीवाले उगाच स्वयंपाकघरात भांडी इकडची तिकडे करत राहिले. त्यांना वाटलं, झालं ते वाईट झालं, पण सुटलो एकदाचे. आता लपवायला काही उरलं नाही.

सोमवारी खारू आईला घेऊन मशीनवर गेली. बरोबर कवळीवालेही होते. तिथल्या सिस्टरने सुया लावता लावता विचारलं, "ह्या कोण?"

"मुलगी," खारू म्हणाली.

सिस्टर हसली. "भाची का? फाईलमध्ये तर ह्यांना मूल नाही असं आहे."

खारूने फाईल मागून घेतली. पहिलंच पान, चार वर्षांपूर्वीचं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आईकडे नाही, बापाकडे बघितलं.

"तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

"आणि गप्प बसलात?"

कवळीवाल्यांनी शपथेचं सांगितलं. तोंडातून शब्द बाहेर पडतानाच त्यांना कळलं, की हे कुणाला ऐकवण्यासारखं नाही. आई मशीनला जोडलेली, डोळे मिटून पडून होती; झोपली होती की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

खारू त्याच दिवशी डॉक्टरांना भेटली. तिचा रक्तगट आईचाच होता. बाकीच्या तपासण्याही तिने हट्टाने करवून घेतल्या आणि त्याही जुळत होत्या. डॉक्टर म्हणाले, चार वर्षांपूर्वी केलं असतं. आता हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी कुणाला दोष दिला नाही. फाईलमधली ती ओळ खोडून त्यांनी वर 'एक मुलगी' असं लिहिलं.

मायलेकींचं काय बोलणं झालं ते कवळीवाल्यांना पुरतं कधी कळलं नाही. दुपारी दार लोटलेलं असे, आतून कधी हुंदका येई, कधी चक्क हसणं. एकदा दाराशी चहा घेऊन उभे राहिले तेव्हा बायकोचा आवाज ऐकू आला, "मी तुझी आई आहे. मला तेवढं करू दे ना." आणि खारू म्हणाली, "आणि मी? मला काहीच करू द्यायचं नव्हतं?" चहा निवाला तरी त्यांना आत जाववेना.

नातीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने आजीची टोपी ताब्यात घेतली आणि आजोबांना साच्यांवरचे प्लास्टरचे दात दाखवायला लावले. हे कोणाचे, ते कोणाचे, असं विचारून तिने त्यांना भंडावून सोडलं. ते दरवेळी नवीन माणूस रचून सांगत.

बारा दिवसांनी खारूला परत जावं लागलं. करार होता, मुलीची शाळा होती. निघताना ती आईच्या कुशीत शिरली ती बराच वेळ हललीच नाही. खाली गाडीपर्यंत बॅग घेऊन बाप गेला. तिने बॅग घेतली आणि म्हणाली, "आईचं मला कळतं. पटत नाही, पण कळतं. तुमचं कळत नाही. तुम्ही मला एक फोन करायचा होतात, बाबा. तिला न सांगता, एक फोन." त्यांना वाटलं तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण ती गाडीत बसली होती.

बायको त्यानंतर अडीच महिने होती. खारू रोज बोलायची, कॅमेरा लावून. शेवटच्या आठवड्यात आवाज गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं, नुसती धाप ऐकू यायची. तरी फोन कानाशी धरून ठेवायला लावी. मंगळवारी सकाळी ती गेली. खारू गुरुवारी पोचली. जे राहिलं होतं ते दोघांनी मिळून केलं, शेजारी-शेजारी उभं राहून, आणि ती राहिली त्या आठ दिवसांत तिने बापाला जेवा, झोपा, गोळी घेतली का, याखेरीज काही म्हटलं नाही. तिच्या रागातसुद्धा एक काळजी होती. त्यामुळेच तो राग फार लागे. परक्यावर कोणी एवढा वेळ रागावत नाही.

पुढच्या वर्षी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. एक्केचाळिसाव्या आठवड्याचं काय करायचं? कवळीवाल्यांनी खारूला विचारलं, तुम्ही दोघी याल का, मीही येईन, दोन-चार दिवस बसू तिथे. खारू म्हणाली, "द्या भाड्याने." त्यांनी तसं कळवून टाकलं. फोटो आले, ते त्यांनी कुणाला धाडले नाहीत.

कवळ्यांचं काम आता त्यांनी सोडलं आहे. रविवारचा फोन मात्र चुकत नाही. ते तिला सगळं सांगतात, अगदी सगळं. साखर किती आली, जिन्यात एकदा पाय कसा घसरला, भात कसा लागला. एक कणही मागे ठेवत नाहीत. पलीकडे ती ऐकून घेते. मग विचारते, "खरं सांगताय?"

"खरंच सांगतोय गं. मी बरा आहे."

मग ती म्हणते, "समोरच्या बाईंना द्या फोन."

शिक्षिकाबाई येतात. पहिल्या खेपेला त्या फार अवघडल्या होत्या. बापाची खात्री लेकीने शेजाऱ्याकडून करून घ्यायची, हे त्यांना कसंसंच वाटलं. आता त्यांनाही सवय झाली आहे. रविवारी संध्याकाळी त्या हात पुसत येतात, खुर्चीत बसतात, फोन घेतात. कवळीवाले दार ओढून घेऊन बाहेर जिन्याशी जाऊन उभे राहतात. खारूने तसंच सांगितलं आहे, बोलणं त्यांच्या कानावर पडता कामा नये. आतून बाईंचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. ते कठड्याला धरून उभे असतात आणि बाई आपल्याबद्दल काहीतरी चांगलं सांगत असतील, आणि ते तिला पटत असेल, एवढीच आशा करतात.